स्लायडरनं पुसलेलं कराड

मार्च-एप्रिल आला की इन्स्टाग्रामवर साताऱ्याचा एक ठरलेला फोटो फिरायला लागतो. खाली कासचा कातळ नाहीतर चाळकेवाडीची पवनचक्की, वर तिरकी आकाशगंगा आणि मधे आभाळात हेडटॉर्चचा झोत मारणारा एक माणूस. (अंधार बघायला गेलेल्या माणसाला टॉर्च कशाला लागतो, हे मला अजून कळलेलं नाही.) खाली कॉमेंटमध्ये हमखास भांडण: हे खरं आहे की एडिट केलंय?

माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. अंधूक गोष्टींचा फोटो एडिटशिवाय होतच नाही. सांगलीतल्या आमच्या गच्चीवरून देवयानी दीर्घिका टिपायची तर साध्या ट्रायपॉडवर, ५० मिमी लेन्सनं, एका वेळी चारच सेकंद मिळतात. त्याहून जास्त थांबलं तर पृथ्वी फिरल्यामुळे तारे लांबट होतात. मग चार-चार सेकंदांचे ४५० फोटो काढायचे, म्हणजे अर्धा तास. सिरिलसारखं फुकट सॉफ्टवेअर ते एकावर एक बसवतं. खरा प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, दाणे मात्र दर वेळी वेगळे, त्यामुळे सरासरीत ते विरतात. ४५० फोटोंचं वर्गमूळ साधारण २१, तेवढ्या पटीनं चित्र स्वच्छ. यात खोटं काय आहे? २५ लाख प्रकाशवर्षांवरून आलेला प्रकाश आपण थेंबथेंब साठवला, इतकंच. १८८८ साली आयझॅक रॉबर्ट्स यांनी दीर्घ एक्स्पोजर देऊन याच देवयानीची सर्पिल रचना काचेवर उमटवली. ती दुर्बिणीतून बघणाऱ्या डोळ्यांना नीट दिसलेली नव्हती.

रंगांवरूनही मी भांडणार नाही. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात. उलट मृगातल्या तेजोमेघाचा हायड्रोजनचा लाल रंग साधा डीएसएलआर बराचसा गाळूनच टाकतो.

माझी तक्रार त्यानंतरच्या पायरीबद्दल आहे. तिला ‘बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन’ म्हणतात. फोटोत क्षितिजाकडून वर चढत गेलेला पिवळट-पांढरा उजेड सॉफ्टवेअर मोजतं आणि वजा करतं. कासवरून बघा: पूर्वेला सातारा, आग्नेयेला कराड. आकाशगंगेचा मध्यभागही आग्नेयेलाच उगवतो, म्हणजे बरोबर कराडच्या उजेडाच्या बाजूनं वर येतो. कच्च्या फोटोत तिथे एक मोठा फुगा दिसतो. तयार फोटोत तो नसतो. कराड गेलं.

तारे वाढवणं आणि कराड पुसणं या दोन गोष्टी एकाच सॉफ्टवेअरमध्ये होतात म्हणून त्या सारख्या ठरत नाहीत. पहिलीत पुरावा गोळा होतो, दुसरीत नष्ट होतो. शास्त्रीय मोजमापासाठी तो उजेड वजा करणं योग्यच आहे, मीही करतो. पण ‘आमच्या साताऱ्याचं आभाळ’ अशी कॅप्शन टाकली की तो फोटो त्या जागेबद्दलचं विधान होतो, आणि विधान असं की इथे सगळं शाबूत आहे. मग गावच्या चौकात नवा हायमास्ट बसतो तेव्हा कोण कशाला बोलेल? पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे महाराष्ट्रात अंधार जपता येतो. पण तो कमी होतोय हे आधी दिसायला तर हवं.

गंमत म्हणजे पुसलेला उजेड पूर्ण पुसला जात नाही. त्याची सरासरी वजा होते, त्यातले दाणे मागे राहतात. ते दाबायला आणखी फोटो लागतात. म्हणून कॅप्शनमध्ये आयएसओपेक्षा एकूण वेळ वाचावा. जत किंवा माणच्या मोकळ्या माळावर थोड्या वेळात होणारं काम सांगलीच्या गच्चीवर रात्ररात्र खातं. हा आकडा बरेच जण ‘मेहनत’ म्हणून मिरवतात. मला त्यात दिव्यांचं बिल दिसतं.

अलीकडे चाळकेवाडीचा एक फोटो बघितला, तो मात्र मी सेव्ह करून ठेवलाय. लाइक फारसे नव्हते. काढणाऱ्यानं तारे नीट साठवलेत, पण फुगा तसाच ठेवलाय. धनु राशीचा खालचा भाग त्यात विरघळलाय, पवनचक्कीचं एक पातं त्या पिवळ्यावर काळं उठून दिसतंय, आणि कॅप्शनमध्ये वेळ, तारीख आणि तीनच शब्द आहेत: उजवीकडचा उजेड कराडचा.