वाटाण्याच्या रोपाचा लघुपट

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचा १९१२ मधील प्रयोगपट. कुंडीतील रोपाची वाढ अंतराअंतराने एकेक चौकट टिपून त्यांनी अनेक दिवसांचा काळ अल्पावधीत दाखविला. चित्रण लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्याने केले. कोऱ्या फितीस छिद्रे पाडणे व ती अंधाऱ्या खोलीत धुणे ही कामे घरीच होत. त्यांत पत्नी सरस्वतीबाईंचा मोठा वाटा होता. या लघुपटामुळे राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटासाठी भांडवल उभारण्यास साहाय्य झाले. म्हणून त्याचा उल्लेख बहुधा केवळ पूर्वतयारी म्हणून होतो. हे मूल्यमापन अपुरे आहे. येथे कथा नाही, नट नाही. काळ हाच विषय आहे. डोळ्यांना न जाणवणारी गती दृश्य करण्याचे चित्रपटाचे खास सामर्थ्य फाळके यांनी कथापटापूर्वीच ओळखले होते.