पारी गेली, नाव राहिले

इंग्रजी कादंबरी मराठीत आणताना जेवणाच्या प्रसंगी 'कस्टर्ड' आले, की तेथे 'खीर' लिहून मोकळे होण्याचा मोह भाषांतरकारास पडतो. या सोयीस आमचा आक्षेप आहे. खीर हा आमच्या नैवेद्याच्या ताटातला शब्द. त्याच्या आड अंडे दडवणे म्हणजे वाचकाची दिशाभूल होय.

कस्टर्ड या नावाच्या मुळाशी लॅटिन 'क्रुस्ता' आहे. त्याचा अर्थ कवच. मध्ययुगीन इंग्लंडात हा पदार्थ पिठाच्या पारीत भाजला जाई. आत मांस, फळे वा दूध-अंड्यांचे सारण असे. पुढे पारी गेली, सारण उरले, आणि पारीचेच नाव सारणास चिकटले. मोदकातल्या गूळखोबऱ्यास आपण 'पारी' म्हणू लागावे, तसलाच हा प्रकार!

'फ्लान'चे कूळ याहून मौजेचे. चपट्या भाकरीवजा पदार्थाच्या एका जुन्या जर्मानिक शब्दापासून ते निघाले. फ्रान्समधील मिठाईवाले आपला 'फ्लां' बहुधा पारीतच भाजतात; स्पेनमध्ये पारी नाहीशी होऊन वर जळक्या साखरेचा पाक आला; आणि हॉलंडात त्याच कुळातली 'फ्ला' इतकी पातळ झाली की ती ओतून घेतात. लिंबुर्ख प्रांतातल्या 'फ्लाय'ने मात्र पारी सोडलेली नाही. वाटण्या झाल्या, आडनाव सर्वांकडे राहिले.

शेजाऱ्याच्या नावे नोंद करण्याची हौसही तिकडे मोठी. इंग्रज ज्याला नुसते कस्टर्ड म्हणतो, त्या पातळ प्रकारास फ्रेंच 'क्रेम आंग्लेझ' म्हणजे इंग्रजी साय म्हणतात. पोर्तुगीजांच्या 'पाश्तेल द नाता'त 'नाता' म्हणजे सायच. अंड्याच्या बलकाचा नावात उच्चारही नाही.

दस्ताच्या मथळ्यावर 'विक्रीखत' लिहिले, तरी आतील अटींवरून ते गहाणखत ठरू शकते, हे आम्हां वकिलांस पहिल्या वर्षीच शिकवतात. पदार्थांच्या बाबतीत हा नियम अधिकच लागू. १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी, पत्नीस अंडी सोसत नसल्यामुळे, मक्याच्या पिठाचे कस्टर्ड सिद्ध केले. आमच्या घरांत आलेला कस्टर्ड पावडरीचा डबा त्याच वंशातला. म्हणजे पारीमागोमाग अंडेही गेले, तरी नाव कायम! 'कस्टर्ड आम्हांस चालते काय?' असे कोणी विचारले, तर त्याचे उत्तर कोशात नाही, स्वयंपाकघरात आहे.

मग भाषांतरकाराने करावे काय? खीर व बासुंदी या दूध आटवून होतात. अंड्याचे कस्टर्ड उष्णतेने थिजते. आमच्याकडे असा थिजणारा पदार्थ एकच, तो खरवस. चिकातील प्रथिने वाफेवर गोठतात, तशीच तिकडे अंड्यातील. हे साम्य खरे असूनही, कस्टर्डऐवजी 'खरवस' लिहावे असे आम्ही म्हणणार नाही. कारण मग लंडनच्या जेवणघरात नुकती व्यालेली गाय बांधावी लागेल. 'कस्टर्ड' हाच शब्द ठेवावा, आणि ते 'खरवसासारखे थिजलेले' असल्याचे एकदा सांगावे. पुडिंगवर ओतायचे असेल तेथे 'पातळ' हे विशेषण पुरे.

सीताफळास इंग्रजांनी 'कस्टर्ड ॲपल' म्हटले आहे. तेवढ्या एका ठिकाणी मात्र भाषांतरकाराने कस्टर्ड खुशाल टाकून द्यावे.