सरफोजी राजांची निरूपणे : एक मूल्यमापन

तंजावरास जाणारा मराठी मनुष्य बृहदीश्वराचे दर्शन घेतो, मंदिराच्या भिंतीवरील १८०३ चा मराठी शिलालेख पाहतो, सरस्वती महालातील पोथ्यांपुढे क्षणभर थबकतो आणि आपल्या पूर्वजांविषयी धन्यता मानीत परतीची गाडी धरतो. पहिल्या खेपेस आम्हीही याहून अधिक काही केले नाही. परंतु अभिमान ही समीक्षा नव्हे. ग्रंथसंग्राहक म्हणून ज्या दुसऱ्या सरफोजींचा आपण गौरव करतो, ते संगीत-नृत्याचे रचनाकार म्हणून कोणत्या योग्यतेचे होते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

१७७७ मध्ये जन्मलेले सरफोजी १७९८ मध्ये गादीवर बसले आणि दुसऱ्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राज्य गेले, म्हणून रिकामपणी राजांनी कलांचा नाद केला, असा एक सोपा निष्कर्ष यावरून काढला जातो. तो आम्हांस मान्य नाही. त्यांच्यापूर्वी शहाजी राजांनी तेलुगू व मराठी नाट्यप्रबंध रचले होते, तुळजाजींनी ‘संगीतसारामृत’ लिहिले होते. सरफोजींच्या हाती आली ती एक जिवंत परंपरा होय. त्यात त्यांनी स्वतःची भर घातली. श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाने पाश्चात्य वाद्यांचा बँड पदरी ठेवला आणि ‘देवेंद्र कोरवंजी’त भविष्य सांगणाऱ्या कोरवंजीच्या तोंडी पृथ्वीचा भूगोल घातला.

तथापि त्यांची खरी कसोटी निरूपणांत आहे. ‘कोर्वयाचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने ती ओळखली जातात. या नावातच तंजावरचा सारा संसार आहे : गुंफण सुचविणारा तमिळ शब्द, संस्कृत ‘साहित्य’ आणि आपल्या पेठेतला ‘जिन्नस’! जयजय, शरणु, अलारु यांपासून शब्द, वर्ण, पद, स्वरजति, तिल्लाना असे करीत मंगलापर्यंत अठरा जिन्नस एका निरूपणात येतात. ते सर्व एकाच रागात, एकाच तालात असून एकच कथा पुढे नेतात. नर्तनाचे सुटे प्रकार आधीपासून होतेच. त्यांना एका सूत्रात ओवून पूर्ण प्रबंध उभा करणे ही सरफोजींची कल्पकता.

एकच राग अठरा जिन्नसांपर्यंत कंटाळवाणा होणार नाही काय? रसिकाने ही शंका अवश्य घ्यावी. आमच्या मते तिचे उत्तर रचनेतच आहे. राग स्थिर राहतो, पण प्रकार पालटतो. कोठे केवळ बोलांवरचे शुद्ध नृत्त, कोठे अभिनय, कोठे दोहोंचा मेळ. वैचित्र्य रागाकडून काढून घेऊन देहाकडे सोपविले आहे. काव्य म्हणून मात्र ही पदे सामान्य आहेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. विशेषणे ठराविक, भक्ती सांकेतिक. ‘साहित्य’ म्हणून ती वाचणारा निराश होईल. ती वाचण्यासाठी नाहीतच.

मग ही निरूपणे मागे का पडली? याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू हे चार बंधू वाढले. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम आज भरतनाट्याचा म्हणून सर्वत्र चालतो, त्याच्या घडणीचे श्रेय त्यांना दिले जाते. त्या क्रमात प्रत्येक रचना सुटी आहे. तिचा राग वेगळा, विषय वेगळा. एक काढून दुसरी घालता येते. म्हणून ती कोणत्याही दरबारात आणि पुढे कोणत्याही सभागृहात जाऊ शकली. वडिवेलू तर त्रावणकोरास स्वाती तिरुनाळांकडे गेले. सरफोजींचे निरूपण असे फोडता येत नाही. त्याला अखंड रात्र हवी आणि मराठी समजणारा प्रेक्षक हवा. सरफोजी १८३२ मध्ये वारले, १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी निपुत्रिक वारले व गादीच संपली. तो प्रेक्षकही पांगला. जी एकसंधता या रचनाकाराचे वैभव, तीच त्याच्या विस्मृतीचे कारण झाली, असे आम्हांस वाटते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी या निरूपणांचा अभ्यास करून ती नृत्यात उतरविली. पोथीतली अक्षरे पायांत येऊ शकतात, हे त्यांनी सिद्ध केले. पण एका गुरूच्या तपश्चर्येवर परंपरा चालत नाही.

येथे आपल्यासारख्यांवर, पोटासाठी दूर मुलखात राहणाऱ्या मराठी माणसांवर, काही जबाबदारी येते. गणेशोत्सवाच्या मंडपात आपण दरसाल तीच नाटके बसवितो. शेजारच्या तमिळ घरातली मुलगी भरतनाट्य शिकत असते, आपल्या घरातल्या मुलीला मराठी येत असते. सरफोजींना हवे ते दोन्ही आपल्या एकाच जिन्यावर आहे. एखादे निरूपण अखंड, निदान त्यातले सलग चार जिन्नस, त्या दोघींकडून एकदा करवून पाहावे. राजांच्या योग्यतेचा निवाडा शिलालेखापुढे व्हावयाचा नाही. तो मृदंगापुढे व्हावा.