कर्ता नसलेले वाक्य

मराठी कादंबरीने निसर्गाला पात्राचा मान दिला, ही आपल्या टीकाकारांची आवडती प्रशंसा आहे. आणि ती अयोग्यही नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ पडतो आणि धनगरांची वाडी ओस पडते. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये (१९८७) जगबुडी नदी खोतांच्या पिढ्यांना सोबत करते. निसर्ग देतो, निसर्ग नेतो, माणसाने सोसायचे. कलाकृती म्हणून या कादंबऱ्यांत उणे काढण्याचे कारण नाही. परंतु त्यांतून आपण वाचकांनी जी सोशिक वृत्ती उचलली, ती मात्र आज तपासली पाहिजे. कारण तीच वृत्ती आता सरकारी कागदपत्रांत ठाण मांडून बसली आहे.

सरकारी मराठीचे आवडते क्रियापद ‘करण्यात येईल’ हे होय. उपाययोजना करण्यात येईल, पुनर्वसन करण्यात येईल. कोण करील? केव्हा करील? वाक्यात कर्ता नाही. त्याच्या जोडीला ‘नैसर्गिक आपत्ती’ हा शब्द आला, की दोष निसर्गाचा आणि काम कोणाचेच नाही, अशी सोय होते.

रत्नागिरीजवळचे हातखंबा हे गाव या भाषेची परीक्षा घेण्यास योग्य आहे. मुंबई-गोवा महामार्ग आणि कोल्हापूरकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना मिळतात. चौपदरीकरणासाठी महामार्गाच्या कडेची जुनी झाडे गेली, डोंगर कापले गेले. याच तालुक्यात जयगडला कोळशावर चालणारे १,२०० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या केल्या. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडाले. त्याच सुमारास खेडमधील पोसरे आणि महाडमधील तळिये येथे दरडींनी माणसे गाडली. अवकाळी पावसाने हापूसचा मोहोर गळतो, हे तर बागायतदाराला सांगावे लागत नाही. अरबी समुद्र तापतो आहे व अतिवृष्टीचे प्रसंग वाढत आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. हा ताप एकट्या कोकणाने निर्माण केलेला नाही, हे खरे. पण कापलेला उतार, गाळाने भरलेले पात्र, उशिरा पोचलेली सूचना यांना पत्ता असतो.

कर्ता सांगणारे लेखनही आपल्याकडे झाले आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे तिच्या खास विचारासाठी होते. घाटाचे तीन संवेदनशील स्तर पाडावेत आणि अंतिम निर्णयात ग्रामसभेला स्थान असावे, हा त्याचा गाभा. अहवाल इंग्रजीत, तो लोकांपुढे आला २०१२ च्या मे महिन्यात. मग कस्तुरीरंगन गट नेमला गेला. त्याचा अहवाल २०१३ साली आला. त्यानंतर २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत केंद्र सरकारने एकामागून एक सहा मसुदे काढले. एखाद्या कवीने एकच कविता सहा वेळा खरडून छापलीच नाही, तर आपण त्याला चोखंदळ म्हणू. सरकारला काय म्हणावे?

यावर आक्षेप येतो, की कोकणाला रोजगार हवा, रस्ता हवा. निर्बंधांनी पोट भरत नाही. आक्षेप प्रामाणिक आहे आणि गावोगावचा विरोधही खोटा नव्हता. पण निर्बंध वरून लादले जाणार, ही भीती अहवाल लोकांच्या भाषेत लोकांपुढे न मांडल्याने वाढली. शिवाय दरड कोसळल्यावर बंद पडणारा रस्ता हाही विकास नव्हेच.

म्हणून मागणी साधी आहे. कोणत्या गावावर कोणता उतार धोक्याचा आहे, याचा नकाशा मराठीत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. तेथे खोदकामाला कोणी परवानगी दिली, हे नावानिशी लिहावे. कोळशाचा भार किती वर्षांत कमी करणार, याचे साल द्यावे. लेखकानेही आता निसर्गाच्या कोपाचे वर्णन करून थांबू नये. वाक्याला कर्ता द्यावा, हा व्याकरणाचा पहिला धडा आहे. राज्यकारभाराचाही तोच असावा.