जिमच्या आधी जादा कार्ब्स: पण कशाच्या तुलनेत?

महाड असो की पोलादपूर, जिममध्ये नव्याने येणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: 'आधी कार्ब्स घेतलेस का? नाहीतर ताकद लागणार नाही.' मग कुणी केळी खातं, कुणी ब्रेड-जॅम, तर कुणी विकतची पावडर पाण्यात ढवळून पितं. हा सल्ला सरसकट चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण तो ज्या संशोधनावर उभा आहे, ते आपल्या जिमवाल्याबद्दल आहे का? पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्यांनी हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी, म्हणून आजची पोस्ट.

मुळापासून बघूया. 1967 मध्ये बर्गस्ट्रॉम, हरमान्सेन, हुल्टमन आणि साल्टिन यांनी स्वीडनमध्ये नऊ निरोगी माणसांच्या मांडीतून सुईने स्नायूचे नमुने घेतले आणि त्यातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली कर्बोदकं, मोजलं. मग आहार बदलून त्यांना पूर्ण थकेपर्यंत सायकल मारायला लावली. फक्त प्रथिनं आणि चरबीच्या आहारावर ती साधारण तासभर टिकली, मिश्र आहारावर दोन तासांच्या आसपास आणि भरपूर कार्ब्सवर जवळजवळ तीन तास.

अभ्यास उत्तमच आहे. पण त्यातलं काम कोणतं? क्षमतेच्या 75 टक्के जोराने सतत सायकल. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने सायकलवर महाबळेश्वर गाठायचं असेल, तर हा अभ्यास तुमच्यासाठीच आहे. सुमारे 40 किलोमीटरचा रस्ता आणि वर 1,350 मीटरच्या आसपास उंची. तिथे पोटात कार्ब्स हवेतच, खिशातही हवेत.

जिममधला तास असा नसतो. अर्ध्या-पाऊण मिनिटाचा सेट, मग विश्रांती. रॉबर्ग्स आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये मांडीच्या व्यायामाचे सहा सेट करून घेतले, तेव्हा त्या स्नायूतलं ग्लायकोजेन सुमारे 39 टक्क्यांनी घटलं. मॅकडूगल यांच्या 1999 च्या अभ्यासात बायसेप्सच्या तीन सेटनंतर घट साधारण पाव हिस्सा होती. म्हणजे साठा वापरला जातो, पण संपत नाही. शिवाय तो साठा अर्ध्या तासापूर्वीच्या केळ्यातून आलेला नसतो. आदल्या दिवशीच्या आणि सकाळच्या जेवणातून आलेला असतो.

आता सगळ्यात कामाचा पेपर. हेन्सेलमन्स आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये अशा 49 अभ्यासांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा: माणूस आधी जेवलेला असेल आणि एका स्नायूगटाचे दहापर्यंत सेट करणार असेल, तर जादा कार्ब्समुळे कामगिरी सुधारण्याची शक्यता कमी. फायदा दिसला तो मुख्यतः दोन ठिकाणी: तुलनेचा गट उपाशी होता तिथे, किंवा सेट दहाच्या वर होते तिथे.

इथे थांबा. 'कार्ब्स विरुद्ध उपास' आणि 'कार्ब्स विरुद्ध तितक्याच कॅलरीचं दुसरं काही' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर घेऊन दुसऱ्याचा सल्ला देणं, ही खरी गडबड.

ती किती सूक्ष्म असू शकते, हे इंग्लंडमधल्या नहारुदिन आणि सहकाऱ्यांच्या 2020 च्या अभ्यासात दिसतं. व्यायामाची सवय असलेल्या पुरुषांना सकाळी एकदा नुसतं पाणी दिलं, एकदा कार्ब्सचा नाश्ता आणि एकदा तसाच घट्ट, पण जवळपास कॅलरी नसलेला नाश्ता. पाण्यापेक्षा दोन्ही नाश्त्यांनंतर स्क्वॉट जास्त निघाले. पण दोन्ही नाश्त्यांत फरक नव्हता! बेंच प्रेसवर तर कशाचाच परिणाम नाही. तो खोटा नाश्ता ठेवला नसता, तर सगळं श्रेय कार्ब्सना गेलं असतं.

या पुराव्यालाही मर्यादा आहेत. असे प्रयोग बहुतेक छोटे आणि प्रामुख्याने तरुण पुरुषांवर झालेले. आढावा घेणारेच म्हणतात की समान कॅलरीचे, नीट आंधळे केलेले प्रयोग अजून हवेत. म्हणून 'कार्ब्स निरुपयोगी' असंही लिहू नका.

आणि आपलं ताट? आयसीएमआरच्या 2025 च्या इंडियाब अभ्यासानुसार भारतीयांच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे 62 टक्के कर्बोदकांतूनच येते. दुपारी भात-आमटी, वर तांदळाची भाकरी खाऊन संध्याकाळी तासभर वजनं उचलणाऱ्याला कार्ब्सची कमतरता असण्याचं कारण नाही. एमआयडीसीतली शिफ्ट संपवून सात-आठ तासांच्या रिकाम्या पोटी येणाऱ्याने मात्र केळं जरूर खावं. भूक लागली म्हणून, पावडरवाला म्हणतो म्हणून नव्हे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं, या पोस्टवरून नाही.

सिनॉप्सिस लिहिताना कुठल्याही पेपरचा निष्कर्ष उचलण्याआधी तीन गोष्टी वहीत उतरवा: प्रयोग कोणावर झाला, काम काय दिलं, आणि तुलना कशाशी केली. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर पेपर पुन्हा वाचा.