स्मरणरंजन आणि परतीची अट : करमणुकीच्या बंद दुकानांविषयीचे लेखन

१

'नॉस्टॅल्जिया' या संज्ञेसाठी मराठीत 'स्मरणरंजन' हा शब्द रूढ झाला आहे. मूळ संज्ञा योहानेस होफर याने १६८८ साली बाझेल येथील आपल्या वैद्यकीय प्रबंधात घडवली. 'परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले होते, आणि घरापासून दूर राहणाऱ्या माणसांना जडणारा आजार असा तिचा अर्थ होता. मराठी प्रतिशब्दात परतणेही नाही आणि वेदनाही नाही. 'गतकातरता', 'स्मृतिकातरता' या पर्यायांत वेदनेला निदान जागा होती. पण रुळला तो 'स्मरणरंजन' हाच शब्द. याकडे केवळ भाषांतरातील उणीव म्हणून पाहणे पुरेसे नाही. आठवणीकडून मराठी वाचकाची जी अपेक्षा असते, तिची खूण या शब्दात उमटली आहे.

रंजन ही वाङ्मयाद्वारे पुरवण्याची प्रतिष्ठित वस्तू आहे, ही कल्पना मराठीत नवी नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केले. १८९५ साली का. र. मित्र यांचे 'मनोरंजन' निघाले. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत रंजनाचा पुरवठा करणाऱ्या निराळ्या संस्था शहरांतून आणि तालुक्यांच्या गावांतून उभ्या राहिल्या : व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणारी दुकाने, नाणे किंवा टोकन टाकून खेळण्याची गेम पार्लरे, ध्वनिफितींची दुकाने. आज त्यांतील बहुतेक बंद झाली आहेत. त्यांच्याविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि दिवाळी अंकांतून जे लिहिले जाते, त्यात रंजनाच्या वस्तूचे स्मरण ही स्वतःच रंजनाची वस्तू होते. या लेखनाचा आकृतिबंध कोणता, तो काय दाखवतो आणि काय झाकतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

या लेखनाची घडण बरीचशी ठरलेली असते. आरंभी शटर ओढले गेल्याची बातमी येते. मग दुकानाची अंतर्गत रचना, तिथला वास, मालकाची लकब, त्या वेळचे दर, आणि शेवटी आजच्या पडद्यावर सारे काही उपलब्ध असूनही काहीतरी हरवल्याची भावना. मुंबईच्या काळा घोडा परिसरातील 'ऱ्हिदम हाऊस' हे १९४० च्या दशकात सुरू झालेले दुकान २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झाले, तेव्हा इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांतून या घडणीचे लेखन विपुल झाले. विकत घेण्यापूर्वी ध्वनिमुद्रिका ऐकून पाहण्याची तिथे असलेली सोय हा त्या लेखनातील एक आवडता तपशील होता.

मराठीत या घडणीचा पूर्वज शोधायचा झाल्यास पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मधील अखेरच्या 'एक चिंतन' या प्रकरणापाशी यावे लागते. एका संस्थेचा अस्त, तिच्या उणिवांवरचे प्रेम आणि बदललेल्या काळाविषयीची हळहळ हे तिन्ही घटक तिथे एकत्र आले आहेत. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. चाळ ही निवासाची जागा होती. तिच्यातील माणसे एकमेकांची गिऱ्हाइके नव्हती. शिवाय आधीच्या प्रकरणांतील उपहासामुळे अखेरच्या हळव्या सुरावर आपोआप नियंत्रण येते. दुकान हा मुळात व्यवहार आहे. त्याच्या स्मरणात चाळीचा आत्मीय सूर आणला की व्यवहाराचा भाग पुसट होतो. दरांचा उल्लेख याची साक्ष देतो. 'तेव्हा इतक्या रुपयांत कॅसेट मिळे' हे वाक्य नेहमी स्वस्ताईचा पुरावा म्हणून येते. तेवढे रुपये नसल्यामुळे कोण दाराबाहेर राहिले, याचा पुरावा म्हणून ते जवळजवळ कधीच येत नाही.

३

'बंद पडलेले दुकान' या एकाच नावाखाली तीन वेगळे व्यवहार एकत्र केले जातात, हेही ध्यानात घ्यायला हवे. ध्वनिफितींचे दुकान वस्तू विकत असे. व्हिडिओ लायब्ररी वस्तू काही काळापुरती देत असे. गेम पार्लर तर वस्तू देतच नसे. ते यंत्रापुढचा वेळ विकत असे. स्मरणाचे स्वरूप या फरकाप्रमाणे बदलते.

व्हिडिओ लायब्ररीच्या व्यवहाराचा कणा होता परत करण्याची अट. अनामत, वहीतली नोंद, एका दिवसाची मुदत आणि उशीर झाल्यास वाढणारे भाडे यांतून चित्रपट पाहण्याच्या क्रियेला एक घट्ट कालमर्यादा मिळे. रवी जाधव यांच्या 'बालक-पालक' (२०१३) या चित्रपटात ही कालमर्यादा कथनाचे इंधन झाली आहे. मोठ्यांनी उत्तर न दिलेल्या एका प्रश्नाचा शोध घेत चाळीतली मुले व्हिडिओवरच्या निषिद्ध चित्रापर्यंत पोहोचतात, आणि मोठी माणसे घरी नसतानाचा तोकडा वेळ हीच त्यांची संपत्ती असते. चित्रपटाची चौकट स्मरणाची आहे : आपल्या मुलाच्या हाती तीच गोष्ट लागलेली पाहून आईवडील स्वतःचे बालपण आठवतात. तरीही हा चित्रपट निव्वळ रंजनात विरघळत नाही, कारण त्यातील कॅसेट निरागसतेची खूण नाही. ती मौन पाळणाऱ्या घराला मुलांनी शोधलेला पर्याय आहे. त्या काळच्या चोरट्या प्रतींचा बाजारही असाच सोयीस्करपणे विसरला जातो. तो इतका मोठा होता की १९८४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करताना व्हिडिओ फितींसाठी स्वतंत्र तरतुदी कराव्या लागल्या.

गेम पार्लरचे उदाहरण आणखी बोलके आहे. कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' (१९९३) हा खेळ भारतातील पार्लरांत त्या नावाने क्वचितच ओळखला गेला. त्यातील एका पात्राच्या नावावरून पोरांनी त्याला 'मुस्तफा' म्हटले आणि तेच नाव सर्वदूर चालले. अमेरिकी चित्रकथेवरून जपानी कंपनीने केलेली ही कृती इथल्या ग्राहकाने नव्या नावाने आपलीशी केली. ग्रहणाच्या सिद्धान्ताला इतके स्वच्छ उदाहरण सहसा मिळत नाही. पण या ग्रहणाची सामाजिक रचना त्याहून महत्त्वाची आहे. यंत्रापुढे एकजण किंवा दोघेतिघे खेळत. त्यांच्या पाठीमागे नाणे नसलेली मुले उभी राहून पाहत, सूचना देत, हळहळत. नाणे संपले की पडद्यावर उलटे आकडे मोजले जात आणि पुढचे नाणे पडले नाही तर डाव संपे. म्हणजे खेळणारा आणि पाहणारा यांच्यातील सीमारेषा नाण्याने आखलेली होती. पण पाहणाऱ्यालाही तिथे उभे राहण्याची जागा होती. मुलींना मात्र बहुधा तीही नव्हती, आणि आठवणींतील पार्लर पुरुषी आहे याची दखल त्या आठवणींतच घेतली जात नाही.

आज 'मुस्तफा' हातातल्या फोनवर खेळता येतो. हरवला आहे तो खेळ नव्हे. पाठीमागे उभे राहण्याची ती जागा हरवली आहे. स्मरणरंजनपर लेखन बहुतेक वेळा हरवलेल्या वस्तूंची यादी देते. जी वस्तू हरवलेलीच नाही तिच्याविषयी हळहळ का वाटते, हा प्रश्न ते विचारत नाही.

४

हे लेखन कोठून वाचले जाते, यावर त्याचा अन्वयार्थ अवलंबून आहे. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी आणि नाणेघाटाच्या माथ्याजवळ वसलेले घाटघर हे असे एक वाचनस्थान म्हणून घेता येईल. (अकोले तालुक्यातील त्याच नावाचे गाव येथे अभिप्रेत नाही.) सह्याद्रीच्या कड्यावरचा हा पट्टा प्रामुख्याने महादेव कोळी समाजाचा, भातशेतीचा आणि हिरड्याचा. इथून जुन्नर सुमारे ३०-३५ किलोमीटर, नारायणगाव त्याहूनही पुढे. अशा गावाच्या दृष्टीने करमणुकीचे दुकान नेहमीच 'तिकडे' असते. तिथे पोहोचण्यासाठी आधी एस.टी.चे भाडे लागते आणि त्यानंतर यंत्राचे नाणे. हाती येणारा रोख पैसा हिरड्यासारख्या वनोपजाच्या हंगामाशी बांधलेला असेल, तर दुसऱ्या दिवशी कॅसेट परत करण्याची अट म्हणजे दुसरा प्रवास, दुसरे भाडे. शहरी आठवणीत गोड वाटणारी हीच अट येथे दार बंद करणारी ठरते.

घाटघरच्या माणसाने अशा दुकानाची आठवण लिहिली, तर तिचा आकृतिबंध वेगळा असेल, असे मानायला आधार आहे. तिच्या केंद्रस्थानी मालकाची लकब नसेल. बहुधा परतीची शेवटची गाडी असेल. तो 'नेहमीचे गिऱ्हाईक' नसेल, आणि प्रचलित आकृतिबंधाची तर पूर्वअटच नेहमीचे गिऱ्हाईक असणे ही आहे. अशा आठवणी या प्रकारात दिसत नाहीत याचा अर्थ त्या नाहीत असा होत नाही. त्यांना सामावणारा साचा या लेखनाने घडवलेला नाही, इतकाच तो होतो.

मराठीत असा साचा अपरिचित मात्र नाही. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांनी रंजनाशिवायचे स्मरण कसे असते, हे मराठी वाचकाला दाखवून दिले. दाराबाहेर कोण उभे आहे, हा प्रश्न त्यांनी स्मरणाच्या लेखनाला कायमचा जोडून दिला. करमणुकीच्या दुकानांविषयीचे लेखन या परंपरेनंतर लिहिले जात असूनही ती जणू घडलीच नाही, अशा थाटात ललित निबंधाच्या सुखद वळणावर परत जाते. त्यावरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

घाटघरच्या शेजारीच या आक्षेपाचे एक प्राचीन रूप उभे आहे. नाणेघाट हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकली जात, अशी परंपरागत समजूत आहे. तिथल्या लेण्यातील नागनिकेच्या नावाशी जोडलेल्या लेखात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची आकड्यांसह नोंद आहे. देणाऱ्या राजघराण्याची स्मृती दगडात कोरली गेली. ओझी घेऊन घाट चढणाऱ्यांची मात्र कोणतीही नोंद त्या लेखात नाही. स्मरण कोणाच्या बाजूने लिहिले जाते, हा प्रश्न कॅसेटच्या युगाहून पुष्कळच जुना आहे.

५

दुसरी अनुपस्थिती दुकानदाराची आहे. स्मरणरंजनात तो लकबींसह येतो. पण त्याचे कर्ज, मालाची खरेदी, बंद झाल्यानंतरचे त्याचे जगणे हे येत नाही. या दृष्टीने शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) हा माहितीपट वेगळा ठरतो. महाराष्ट्रातील जत्रांतून फिरणाऱ्या तंबू-चित्रपटगृहांचा हा आलेख प्रेक्षकाच्या बाजूने रचलेला नाही. खिळखिळी झालेली यंत्रे, जीर्ण रिळे, ती सांभाळणारे चालक आणि प्रक्षेपक दुरुस्त करणारा कारागीर ही त्याची सामग्री आहे. नवे डिजिटल यंत्र आल्यावर जुने यंत्र जाते, तेव्हा तिथे आठवणीबरोबर एक कसबही निकालात निघते. हा तोटा रंजनाच्या भाषेत मांडता येत नाही.

जुन्नर तालुक्यातच याची तुलना उपलब्ध आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२) यांचे नारायणगाव 'तमाशापंढरी' म्हणून ओळखले जाते. यात्रांच्या हंगामाआधी तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन सुपाऱ्या देतात. हेही एका अर्थाने करमणुकीचे दुकानच. परंतु ते दरवर्षी मिटते आणि दरवर्षी उघडते. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीमुळे यात्रा रद्द झाल्या, तेव्हा फडांपुढे प्रश्न होता तो कर्जाचा आणि कलावंतांच्या पोटाचा. जिथे दुकान मिटणे म्हणजे हंगाम बुडणे, तिथे स्मरणरंजनाला वाव नसतो. स्मरणरंजन सुरू होण्यासाठी दुकान बंद होणे पुरेसे नाही. बंद होण्याची झळ लिहिणाऱ्याला लागलेली नसणे हीदेखील त्याची अट असते.

स्वेतलाना बॉइम यांनी आपल्या २००१ सालच्या ग्रंथात गतकाळ पुन्हा उभारू पाहणारी आणि गतकाळाविषयी चिंतन करणारी, असे नॉस्टॅल्जियाचे दोन प्रकार केले आहेत. करमणुकीच्या बंद दुकानांविषयीच्या मराठी लेखनाला हे वर्गीकरण जसेच्या तसे लागू पडत नाही. ते दुकान पुन्हा उघडावे असा त्याचा आग्रह नसतो, आणि त्याविषयी चिंतन करण्याइतके अंतरही ते राखत नाही. दरांच्या, वासांच्या आणि नावांच्या उजळणीवर ते थांबते. उदारीकरणानंतरच्या वेगवान बदलांतून गेलेल्या एका पिढीला स्वतःचे सातत्य जपण्यासाठी अशी उजळणी आवश्यक वाटली असेल, आणि ती गरज खोटी नाही. तथापि या लेखनाला वाङ्मयीन मूल्य यायचे, तर होफरच्या संज्ञेतील मराठीत हरवलेले दोन्ही घटक त्याला परत मिळवावे लागतील. वेदना मिळवायची तर ती दुकानदाराची आणि दाराबाहेर राहिलेल्याची असली पाहिजे. परतणे मिळवायचे तर वहीत तारीख घालून दिलेल्या कॅसेटचा व्यवहार आणि घाटघरच्या वाटेवरची शेवटची एस.टी. या दोन्ही परती एकाच मजकुरात आल्या पाहिजेत.