पहारेकरी नाव विचारतो, सामान पाहत नाही

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोग्राम यंत्राशी थेट बोलत नाही. तो कर्नेलला विनंती करतो आणि कर्नेल यंत्राचे रक्षण करत ती पुरी करतो, असे आपण वर्गात शिकवतो. हे बरोबर असले तरी अपुरे आहे. मेमरी कार्डाच्या उदाहरणावरून ही उणीव स्पष्ट होते.

कार्डाला दिलेली प्रत्येक आज्ञा ४८ बिटांची असते. त्यांपैकी ६ बिट आज्ञेचा क्रमांक सांगतात, म्हणजे ० ते ६३ असे क्रमांक शक्य होतात. ३२ बिट तपशिलासाठी, ७ बिट चूक ओळखण्यासाठी आणि उरलेले ३ आरंभ, दिशा व शेवट दाखवण्यासाठी असतात. १७ क्रमांकाची आज्ञा माहितीचा एक ठोकळा वाचते, २४ क्रमांकाची लिहिते. एरवी हे क्रमांक कर्नेलच निवडतो. परंतु २०११ मध्ये लिनक्सच्या ३.० आवृत्तीत एक बाजूचा दरवाजा ठेवला गेला. 'आयऑक्टल' नावाच्या विनंतीद्वारे प्रोग्राम स्वतःच क्रमांक व तपशील देतो आणि कर्नेल ती आज्ञा कार्डाकडे पोचवतो.

हा दरवाजा निरर्थक नाही. उत्पादकांच्या खास आज्ञा कर्नेलला आधीपासून ठाऊक असणे शक्य नसते. शिवाय दोन अटीही आहेत: विनंती करणाऱ्याकडे यंत्राशी थेट व्यवहार करण्याचा विशेष अधिकार हवा, आणि विनंती कार्डाच्या एखाद्या विभागावर नव्हे, संपूर्ण कार्डावर हवी.

आमचा आक्षेप पुढे आहे. २७ क्रमांकाच्या आज्ञेने कार्डाच्या १२८ बिटांच्या एका रजिस्टरमध्ये बदल करता येतो. त्यातील एक बिट १ केला, की मानकानुसार त्या कार्डावर लिहिणे व पुसणे कायमचे बंद होते. कर्नेल काही मोजक्या आज्ञांची वेगळी दखल घेतो, पण परत न फिरणाऱ्या आज्ञांची यादी त्याच्याकडे नाही. उलट, कार्डाची स्थिती विचारणाऱ्या १३ क्रमांकाच्या निरुपद्रवी आज्ञेलाही तोच विशेष अधिकार लागतो. साधी चौकशी करायची, तरी कार्ड निकामी करण्याचा अधिकार हाती द्यावा लागतो!

'धोरण ठरवणे कर्नेलचे काम नव्हे', असा बचाव केला जातो. पण स्कझी डिस्कसाठी असलेल्या अशाच दरवाजावर लिनक्सनेच सर्वसाधारण वापरकर्त्याला चालतील अशा आज्ञांची यादी ठेवली आहे. मग कार्डाच्या बाबतीत निदान निव्वळ चौकशीच्या आज्ञा वेगळ्या काढायला काय हरकत होती?

रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकात मेमरी कार्ड हीच बहुधा डिस्क असते, आणि सोय म्हणून मुलांच्या हाती सर्वाधिकार सहज दिले जातात. म्हणून 'कर्नेल रक्षण करतो' एवढेच सांगून थांबू नये. तो कोणापासून रक्षण करतो आणि कशापासून करत नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे आम्हांला वाटते.